प्रवरेकाठच्या परसबागा : तण कोणते, धन कोणते?

मृगाचा पाऊस पडून आठ-पंधरा दिवस झाले की घरामागची जागा ओळखू येत नाही. उन्हाळ्यात जिथे कोंबड्या धूळ उकरीत होत्या, तिथे पायाच्या घोट्याइतके हिरवे माजते. शेतातली पेरणी, भाताची रोपे, औत-बैल यांतून पुरुषमाणसांना सवड नसते. मग एके दिवशी पावसाने उघडीप दिली म्हणजे घरातली बाई खुरपे घेऊन परसात बसते आणि दुपारपर्यंत सगळे स्वच्छ करून मोकळी होते. जमीन काळीभोर, नितळ दिसते. बघणारा म्हणतो, वा, परस कसे लख्ख झाले!

वाचकहो, या लख्ख परसाबद्दलच मला आज आपल्याशी थोडे बोलायचे आहे. त्या दुपारी उकिरड्यावर जो ढीग जातो, त्यात तण तर असतेच. पण पुष्कळदा त्याच ढिगात घरच्या दोन-तीन पिढ्यांनी जपलेले करटुल्याचे मूळ, शतावरीचा झुबका, सुरणाचा कोंब, हळदीचा गड्डा हेही निघून जातात. आणि ज्याचा खरा बंदोबस्त करायचा, तो लव्हाळा मात्र मानेशी तुटून खाली तसाच राहतो व चार दिवसांत पुन्हा डोके वर काढतो. आपण ‘तण खाई धन’ म्हणतो ते खरेच आहे. पण तण समजून धनच उपटले तर दोष कोणाला द्यायचा?

हे सगळे कागदावर सांगण्यापेक्षा आपण एक फेरफटकाच मारू. अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचा, अकोले तालुका यासाठी फार सोयीचा आहे. एका दिवसाच्या वाटेत इथे दोन तऱ्हेचे मुलूख भेटतात. खाली प्रवरेच्या काठची पाटपाण्याची काळी जमीन, आणि वर कळसूबाई-रतनगडाच्या पायथ्याची पावसाने धुतलेली तांबडी जमीन. दोन्हीकडे परसे आहेत, दोन्हीकडे तण आहे. पण धडे निरनिराळे आहेत.

संगमनेरहून वर जाताना

संगमनेर सोडून अकोल्याच्या रस्त्याला लागलो की दोन्ही कडांना पांढऱ्या बारीक फुलांचे एक झाड सोबत करते. ते गाजर गवत. ओळख करून द्यायची गरज नाही. कोणी त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. आपल्या देशात त्याची नोंद प्रथम पुण्यात १९५५ साली झाली आणि तेव्हापासून ते कुठे पोचले नाही असे गाव शोधावे लागेल. एकेका झाडाला हजारोंनी बी धरते. अंगाला सतत लागले तर कातडीला खाज येते, पुरळ उठते; परागाने काहींना दम्याचा त्रास होतो; जनावराच्या पोटात गेले तर दुधाला कडवट वास येतो.

रस्त्यावर मोठे झालेले गाजर गवत कोणीही ओळखील. घोटाळा होतो तो परसात, ते चार पानांचे असताना. शेवंतीचा ताटवा ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे नीट ऐकावे. शेवंती ही वर्षानुवर्षे टिकणारी. फुले संपली, जुना दांडा वाळला, की बुडातून नवे मुनवे फुटतात. त्या मुनव्यांचे पान कातरलेले, आणि गाजर गवताच्या पोराचे पानही कातरलेले. वरून पाहणारा दोन्ही एकच समजतो. कधी शेवंती निघते आणि गाजर गवत ‘शेवंती’ म्हणून वाढते.

फरक असा. शेवंतीचा मुनवा जुन्या खोडाच्या आसपास, घोळक्याने येतो आणि मातीत त्याचा धागा जुन्या बुडाशी जुळलेला असतो. त्याचे पान जाडसर, कातरे बोथट, आणि चुरगळले की शेवंतीचाच वास येतो. गाजर गवताचे पोर एकटे असते, पाने गोल ताटलीसारखी जमिनीला चिकटून पसरलेली, कातरे फार बारीक, आणि खाली एकच सरळ सोटमूळ. ते हातात धरण्यापूर्वी हाताला मोजे नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळावी. फूल येण्यापूर्वी उपटलेले गाजर गवत कंपोस्टच्या खड्ड्यात घातले तरी चालते. फुलावर आलेले मात्र तिथे घालू नये. पावसाळ्यात त्याची पाने कुरतडणारा एक ठिपक्या-पट्ट्यांचा भुंगा दिसला तर त्याला मारू नका. हा मेक्सिकोहून १९८३ साली मुद्दाम आणलेला मित्रकीटक आहे. पडीक जागेत टाकळ्याचे बी टाकले, तर दाट उगवलेला टाकळा गाजर गवताला दाबून टाकतो, शिवाय कोवळेपणी भाजीलाही येतो.

यातून पहिला धडा मिळतो. पान सारखे दिसले म्हणून झाड सारखे होत नाही. निवाडा पानावर करू नये, बुडाशी करावा.

पाटपाण्याचा मुलूख आणि न दिसणारा शत्रू

प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि खालच्या अंगाला पाट फिरले. ऊस आला, बारमाही ओल आली. ओल आली तिथे लव्हाळाही सुखाने नांदतो. नदीकाठच्या कोणत्याही परसात जा. न्हाणीचे पाणी जिथे जिरते तिथे, अळवाच्या आळ्यात, केळीच्या बुडाशी लव्हाळ्याची गर्दी असते.

वाचकहो, इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. तणांच्याही दोन जाती आहेत. काही तणे हंगामी. बी पडते, पावसाने उगवते, फुलते, बी टाकते आणि मरते. गाजर गवत, कुर्डू, काटेमाठ, घोळ ही त्यांतली. यांना फुलण्याआधी उपटले की काम झाले. घोळ मात्र ओल्या मातीवर टाकू नये. पडल्या जागी पुन्हा मूळ धरते, आणि उपटल्यावरही तिचे बी पिकते.

दुसरी तणे बारमाही. त्यांचे घर जमिनीखाली. लव्हाळा, हरळी, काळ्या रानातला कुंदा ही त्यांतली नावाजलेली घराणी. यांना वरून खुरपणे म्हणजे केस कापण्यासारखे आहे. केस कापल्याने माणूस मरत नाही, तसा लव्हाळाही मरत नाही.

लव्हाळ्याची ओळख सोपी. त्याचा फुलोऱ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल फिरतो. लव्हाळ्याचा फिरत नाही, तीन धारा बोटाला लागतात. मग खुरप्याने वीतभर खोल माती उकरा. काळपट गाठ, तिच्यातून सुतळीसारखा धागा, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, पुन्हा धागा, पुन्हा गाठ अशी माळ निघेल. वर एक काडी दिसते, खाली सगळे कुटुंब असते. वरची काडी ओढली की ती मानेशी तुटते आणि मागच्या गाठी जाग्या होतात. गंमत अशी की याच सुवासिक गाठीला आपण नागरमोथा म्हणतो आणि दिवाळीच्या उटण्यात वापरतो. हरळीचेही तसेच, गणपतीला वाहतो ती दूर्वा, आणि वाफ्यात शिरली की हरळी. एखादी वनस्पती कायमची तणच असते असे नाही. नको त्या जागी आली की तिला तण म्हणायचे.

अशा बारमाही तणांचा बंदोबस्त पावसाळ्यात होत नाही, तो उन्हाळ्यात होतो. चैत्र-वैशाखात ती जागा कुदळीने खोल खणावी, ढेकळे उलटी करून ठेवावी. लव्हाळ्याच्या गाठी उन्हात वाळल्या की मरतात. हरळीच्या काशा मात्र हातांनी वेचून बाहेर काढाव्या. फावड्याने किंवा यंत्राने बारीक तुकडे करून तिथेच सोडल्या तर प्रत्येक तुकड्याची एक हरळी होते. वेचलेले उकिरड्यावर टाकू नये, नाहीतर शेणखताबरोबर तेच पुन्हा वाफ्यात येते. वाळवून जाळावे. पावसाळ्यात त्या जागी रताळे किंवा भोपळ्याचा वेल पसरू द्यावा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. वर आलेला प्रत्येक कोंब पंधरा-वीस दिवसांनी कापत राहिले की खालच्या गाठींची शिदोरी हळूहळू संपते. हे दोन-तीन वर्षांचे काम आहे. एका दुपारचे नाही.

राजूरच्या पुढे

अकोल्यावरून राजूर गाठले आणि भंडारदऱ्याच्या दिशेने निघालो की हवा बदलते. खाली पाऊस बेताचा. वर घाटघर-रतनवाडीला तो हजारो मिलिमीटरांनी मोजतात. डाव्या-उजव्या हाताला भाताची खाचरे, डोंगरउतारावर नागली आणि वरई, मधूनच खुरासणी. समोर ढगात बुडालेले कळसूबाईचे शिखर. उंची १,६४६ मीटर, आपल्या राज्यात याहून उंच जागा नाही. बारी गावाकडच्या वाटेने जाताना घरे कौलारू, आणि प्रत्येक घराला थोडे का होईना परस.

ही परसे पहिल्या नजरेला माजलेली वाटतात. कुंपणावर वेल, बांधावर झुडपे, दारापुढे मोठाली पाने. सरळ वाफे, रंगवलेल्या विटा असे काही नाही. पण घरधनीण बरोबर असेल तर एकेक पाऊल टाकताना कळते की इथली निम्मी हिरवळ पेरलेली नाही, तरी ती आपोआप आलेलीही नाही. ती राखलेली आहे.

अशाच एका घरी कुंपणाशी तीन दगड मांडलेले दिसले. मधे बोटभर जाडीचा, जांभळट झाक असलेला कोंब नुकता वर आला होता. विचारले, “आजी, हे काय राखलंय?”

“करटुल्याची मादी हाय ती, सायब. माझ्या सासूच्या येळची. दर साली हितंच येती.”

“मग दगड कशाला?”

“सून नवी हाय. तिच्या माहेरी ऊस-गहू. तिला काय म्हाईत? दगड दिसला का खुरपं थांबतं.”

कृषी पदवीच्या पुस्तकात जे पानभर लिहिले असते, ते आजींनी तीन दगडांत सांगितले. करटुले हा कंदावर जगणारा वेल. हिवाळ्यात वरचा वेल वाळून नाहीसा होतो, आपल्याला वाटते मेला. कंद मात्र मातीखाली झोपलेला असतो आणि पहिल्या पावसाला त्याच जागी कोंब काढतो. याचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. फळ मादीलाच. पिवळे फूल येते तेव्हा मादी फुलाच्या बुडाशी इवलेसे काटेरी करटुले दिसते, नराच्या फुलाखाली नुसता देठ. बी लावून वेल केला तर बी लवकर उगवत नाही, आणि फूल येईपर्यंत नर की मादी ते कळत नाही. म्हणून जुना मादी कंद हे घरचे भांडवल. आठ-दहा माद्यांमागे एखादा नर वेल राखला की फळधारणेला पुरतो. फळ येत नाही म्हणून सगळे नर खणून टाकू नयेत. श्रावणात बाजारात करटुल्याचा भाव काय असतो ते आपण जाणताच. नव्या सुनेच्या हातून तो कंद गेला असता तर तिचा दोष नव्हता. सांगणाऱ्याने सांगायला हवे होते, आणि आजींनी ते सांगितले.

बीज उगवते, कंद फुटतो

आता या परसातच उकिडवे बसून पाहू. दोन रोपे शेजारी आहेत. एक आहे यंदाच्या बियाचे, दुसरे जुन्या कंदाचे. कसे ओळखावे?

बी उगवते तेव्हा बहुतेक रुंद पानांच्या रोपांना आधी दोन सारखी, जाडसर दले येतात. भोपळा किंवा अंबाडी उगवताना आपण पाहतो ती. त्यानंतर खरी पाने. दांडा दोऱ्यासारखा बारीक. अशी रोपे शेकड्यांनी, वाटेल तिथे विखुरलेली असतात. कंद फुटतो तेव्हा दले नसतात. कोंब पहिल्या दिवसापासूनच जाड, जोमदार, कारण त्याच्या पाठीशी वर्षाची शिदोरी आहे. तो एकटा-दुकटा येतो, दरसाल त्याच जागी येतो, आणि पुष्कळदा इतर तणांच्या आधी, वळवाच्या सरीवरच डोके काढतो.

एवढ्यावर शंका फिटली नाही तर बोटाने उकरावे. झाड न उपटता, मानेशी दोन-तीन बोटे माती बाजूला सारावी. एकच सोटमूळ किंवा केसांसारख्या मुळांची जुडी दिसली तर ते यंदाचे रोप. गोल, लांबट किंवा बोटांसारखा गर भरलेला कंद दिसला तर थांबावे, माती परत लोटावी. गाठींची माळ किंवा आडव्या पळणाऱ्या काशा दिसल्या तर तो शत्रू असण्याचा संभव जास्त. आणि कोंब जाड लाकडी मुळाला जोडलेला असेल तर ते शेजारच्या झाडाचे पिल्लू आहे. कढीपत्त्याची अशी पिल्ले नेहमी येतात आणि वेगळी काढून लावता येतात.

या दृष्टीने परसात एक फेरी मारली की किती मंडळी भेटतात पाहा.

सुरण आणि त्याचा रानातला भाऊ शेवळा. शेवळ्याचा तर आधी फुलोरा येतो आणि पान मागून, म्हणून पुष्कळांना ते एकच झाड आहे हे ठाऊक नसते. सुरण पूर्वीच्या पद्धतीने मोठा व्हायला तीन-चार वर्षे लागत. कोवळा कोंब मोडला की ते वर्ष वाया.

हळद आणि आंबेहळद. कोंब टोकदार, पान सुरळीसारखे गुंडाळलेले. चुरगळले की वासच नाव सांगतो.

कुलू, म्हणजे काही गावची फोडशी, आणि सफेद मुसळी. पान गवतासारखे, म्हणून हिचा बळी सर्वांत आधी जातो. पण गवताला कांड्या-पेरे असतात आणि पानाचे आवरण दांड्याला वेढून असते. या मंडळींना कांडे नाही; मऊ, रसाळ पाने थेट बुडातून निघतात आणि खाली पांढऱ्या मुळ्यांचा झुबका असतो.

गवती चहा आणि निशिगंध. दोन्ही गवतात हरवतात. गवती चहाचे पान चोळून नाकाशी न्यावे. निशिगंधाच्या बुडाशी बोट घालावे, कांदा हाताला लागतो.

कोनफळ, कणगर, करांदा यांचे वेल. पान विड्याच्या पानासारखे, शिरा देठापासूनच कमानीने निघालेल्या. कोनफळाच्या वेलाला चौकोनी धारा असतात, कणगराच्या बुडाशी काटे असतात, आणि करांद्याला वेलावरच, पानाच्या बगलेत बटाट्यासारखी फळे लोंबतात.

शतावरीचे बारीक सुयांसारखे पान आणि वेलाला आकडे. खाली मुळांचा घोस भरायला दोन-तीन पावसाळे लागतात.

पुनर्नवा किंवा वसू. जमिनीवर पसरते, पान फिके, फळे कपड्याला चिकटतात, म्हणून ‘तण’ ठरते. पण नावच सांगते की ती पुन्हा नवी होते. खाली जाड मूळ असते आणि कोवळ्या पानांची भाजी होते.

गुळवेल. दोरीसारखा खरबरीत वेल. वरची पापुद्र्यासारखी साल खरवडली की आत हिरवा. झाडावर तुटून लोंबकळला तरी वरून धागे सोडून जमिनीला पोचतो. याला ‘झाडाला गुंडाळलेले तण’ म्हणून कापू नये.

सांभाळायचे आणि सांभाळून राहायचे

कंद दिसला की राखा म्हटले, याचा अर्थ कंद दिसला की शिजवा असा नव्हे. याच बांधावर एक सुंदर झाड येते. पानाचे टोक कुरळ्या तारेसारखे वळलेले असते आणि तेच धरून ते वर चढते. भाद्रपदात लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुले. ती कळलावी, हिलाच अग्निशिखा म्हणतात. हिचा कंद नांगराच्या आकाराचा, दोन फाट्यांचा, आणि जहाल विषारी असतो. औषधी पीक म्हणून तिची लागवडही होते. तरी लहान मुले खेळतात त्या परसात तिला जागा देऊ नये. द्यायचीच असेल तर दूर, बांधाच्या कडेला, आणि घरातल्या प्रत्येकाला दाखवून. रानातले काही करांदेही कडू व बाधणारे असतात. जाणते माणूस ‘हा खायचा’ असे म्हणेपर्यंत कोणताही कंद चुलीवर चढवू नये. चव घेऊन पाहणे ही ओळखीची रीत नव्हे.

दुसरा धोका पंपाचा. उसातल्या रुंद पानांच्या तणासाठी आणलेले २,४-डी उरले म्हणून परसात मारणारे लोक आहेत. त्याला करटुले आणि गाजर गवत यांतला फरक कळत नाही. वाऱ्यावर उडालेला फवारासुद्धा टोमॅटोची पाने आकसून टाकतो. मुळापर्यंत उतरणारी दुसरी तणनाशके तर कंदालाच मारतात. लव्हाळ्याबरोबर हळदही जाते. दहा-वीस पावलांच्या परसाला खुरपे पुरते. जिथे घरची भाजी आणि पोरांचे खेळणे, तिथे पंप नेऊ नये.

जमीन हीच पेढी

याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान बियाणे जमवून घरीच बियाण्यांची बँक केली, आणि २०२० सालच्या पद्मश्री पुरस्कारांत त्यांचे नाव आले. वालाचे, घेवड्याचे, भाताचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवता येते. मडके फुटले तरी शेजारणीकडे मूठभर सापडते.

पण करटुल्याचा कंद, शतावरीचा घोस, कणगर, कुलू यांना मडके चालत नाही. त्यांची पेढी म्हणजे जमीन, आणि त्या पेढीचे खाते फक्त घरातल्या जुन्या माणसाच्या डोक्यात. कुठे काय पुरलेले आहे हे सासूला ठाऊक. ती गेली की खाते बुडाले. नवे घर बांधताना, परसात फरशी टाकताना, किंवा नुसत्या एका उत्साही खुरपणीत ते निघून जाते. आणि कोणाला कळतही नाही, कारण उन्हाळ्यात ते कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हतेच. जे दिसत नाही त्याचे जाणे जाणवत नाही. दोन वर्षांनी कोणी म्हणते, “आपल्याकडे करटुली येत होती, हल्ली येत नाहीत.” हल्ली येत नाहीत, कारण आपणच त्यांना घालवले.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगून हा फेरफटका संपवतो.

एक. दिवाळीच्या सुमारास, वेल-पाने वाळण्यापूर्वी, प्रत्येक कंदाच्या जागेला तीन दगड किंवा बांबूची खुंटी लावावी. पान असताना ओळख पटते. वाळल्यावर सगळी माती सारखीच.

दोन. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला वहीच्या पानावर परसाचा नकाशा काढायला सांगावे. मागच्या दारापासून किती पावले, कोणत्या झाडाच्या कोणत्या अंगाला, काय आहे. आजी सांगेल, नात लिहील. हे पान घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवावे.

तीन. पहिल्या खुरपणीत फक्त नावानिशी ओळखता येणारे तण काढावे. अनोळखी रोपाला काडी रोवून एका पावसाळ्याची मुदत द्यावी. फूल आले की नाव कळते. नकोसे ठरले तर बी धरण्यापूर्वी काढता येते.

चार. खुरपे मानेशी घालू नये. हंगामी तण मुळासकट उपटावे. बारमाही तणाची जागा खूण करून ठेवावी आणि ते उन्हाळ्यात खणावे.

पाच. चुकून एखाद्या वेलाचा कोंब तुटलाच तर कंद उकरून पाहू नये. माती दाबून पाणी द्यावे. कंद शाबूत असेल तर दुसरा कोंब येतो.

सहा. एखादा कंद घरात एकच असेल तर त्याचा वाटा शेजारी, माहेरी, बहिणीकडे लावावा. आपल्याकडचा गेला तर मागायला एक घर राहते.

हे वाचून होईल तेव्हा कदाचित आपल्याकडे पाऊस पडत असेल, कदाचित पडायचा असेल. यंदा परसात खुरपणीला बसाल तेव्हा एक करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पाट टाकून सावलीला बसवा, आणि एकेक रोप हातात धरण्यापूर्वी विचारा, “आत्या, हे काढू का राहू देऊ?” दुपारऐवजी संध्याकाळ होईल. होऊ द्या.